पडद्याआडचा छळ : शासनाची मोजणी आणि आपली नोंदवही

एखाद्या मुलाला ठरवून, पुन्हा पुन्हा आणि त्याला प्रतिकार करता येणार नाही अशा रीतीने त्रास देणे, यास इंग्रजीत ‘बुलिंग’ म्हणतात. मराठीत चिडवणे, खोडी काढणे, सतावणे, दादागिरी करणे असे अनेक शब्द आहेत. परंतु या सर्वांना सामावून घेणारा एकच नेमका शब्द रूढ नाही. हाच त्रास मोबाईल फोन आणि समाजमाध्यमे यांच्या साहाय्याने दिला जातो तेव्हा त्यास ‘सायबर बुलिंग’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘सायबर छळ’ हा शब्द योजला आहे.

या छळाचा अभ्यास करण्यासाठी आणि त्याला आळा घालण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत शासनाने काय केले, त्यातून काय हाती लागले, काय निसटले, आणि जे निसटले ते आपण डॉक्टर मंडळी व पालक कसे टिपू शकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय कायद्याचा वाटला तरी तो आपल्या दवाखान्यात रोज येतो. फक्त तो स्वतःचे नाव न सांगता, पोटदुखी किंवा डोकेदुखी या नावाने येतो.

छळ आणि थट्टा यांतील सीमारेषा

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. ही तीन लक्षणे आजही अभ्यासकांना प्रमाण वाटतात. दोन बरोबरीच्या मित्रांचे भांडण हा छळ नव्हे. दहा जणांनी मिळून एकाला रोज हसणे हा छळ होय, मग ते दहा जण त्याला कितीही ‘मजाक’ म्हणोत.

मोबाईल फोनमुळे या तिन्ही लक्षणांचे स्वरूप पालटले. पूर्वी शाळा सुटली की त्रासही तात्पुरता सुटत असे. घराचा उंबरठा ही एक सीमा होती. आता तो त्रास उशाशी येऊन बसतो. पूर्वी पुनरावृत्तीसाठी त्रास देणाऱ्याला रोज नवा उद्योग करावा लागे. आता एकदाच टाकलेले छायाचित्र शंभर जण पुढे पाठवतात आणि पुनरावृत्ती आपोआप घडते. बळाची विषमताही बदलली. दंडात ताकद नसलेले मूलदेखील खोट्या खात्याच्या आडून एखाद्याचे जिणे नकोसे करू शकते. शिवाय समोरच्याचा रडवेला चेहरा दिसत नसल्यामुळे, आपण किती दुखावले याचा अंदाज दुखावणाऱ्यालाही येत नाही.

प्रकार अनेक आहेत. ग्रुपमधून काढून टाकणे, एखाद्याला वगळून तोच ग्रुप पुन्हा तयार करणे, रंग, वजन, जात वा गुणांवरून टोपणनाव ठेवणे, विश्वासाने केलेल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट फिरवणे, दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे, छायाचित्रात फेरफार करणे. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संपूर्ण खोटे चित्र बनवणे.

आपल्या भोपाळच्या मराठी घरांत एक अडचण अधिक आहे. मूल घरी मराठी बोलते, मित्रांशी हिंदी बोलते आणि फोनवर तीच हिंदी रोमन अक्षरांत, अर्ध्यामुर्ध्या शब्दांत लिहिते. आजीआजोबांना तर सोडाच, आईवडिलांनाही त्यातील कोणता शब्द गमतीचा आणि कोणता विखारी हे चटकन उमगत नाही. त्यामुळे फोन तपासणाऱ्या पालकाच्या डोळ्यांसमोर छळ असतो आणि तरी तो त्यांना दिसत नाही.

शासन कसे मोजते?

कोणत्याही रोगाशी लढताना आपण प्रथम त्याचे प्रमाण पाहतो. सायबर छळाचे प्रमाण किती? येथे पहिलाच घोटाळा होतो.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या वार्षिक अहवालात ‘महिला व बालकांचा सायबर पाठलाग व छळ’ असा एक रकाना आहे. त्यात २०१७ साली साऱ्या देशात ५४२ गुन्हे नोंदले गेले, तर २०१८ साली ७३९. याउलट मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१२ साली २५ देशांतील ८ ते १७ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा भारतातील ५३ टक्के मुलांनी आपल्याला इंटरनेटवर त्रास झाल्याचे सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ च्या मार्चमध्ये ४४ देशांतील ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात साधारणतः सहांपैकी एका मुलाने सायबर छळ सोसल्याचे आढळले.

एकीकडे निम्मी मुले, दुसरीकडे अवघ्या देशात काही शेकडा गुन्हे. यांतील कोणता आकडा खरा? आपापल्या परीने दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. मायक्रोसॉफ्टने ‘कुणी तुला वाईट बोलले का’ इतक्या सैल अर्थाने विचारले. गुन्हे अभिलेख विभाग मात्र पोलीस ठाण्यात नोंद झाली तेवढेच मोजतो.

त्यातही एक बारकावा आहे. या रकान्यापुढे भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ड लिहिलेले असे. हे कलम २०१३ च्या दुरुस्तीने आले आणि ते पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करण्याविषयी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत तेच कलम ७८ म्हणून आले आहे. म्हणजे ज्या मुलाला वर्गातील मुले छळतात तो या व्याख्येत बसत नाही. ज्या मुलीला दुसऱ्या मुली छळतात तीही बसत नाही. रकान्याच्या नावात ‘बालक’ आणि ‘छळ’ हे शब्द असले, तरी कलमाच्या चाळणीतून बहुतांश शालेय छळ गळून पडतो.

दुसरे कारण बाल न्याय व्यवस्थेत आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार, आरोपी अठरा वर्षांखालील असेल आणि अपराध अतिगंभीर प्रकारातला नसेल, तर सहसा प्रथम माहिती अहवाल नोंदवावयाचा नसतो. पोलिसांनी दैनंदिन डायरीत नोंद घेऊन त्या मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे द्यावयाचा असतो. ही तरतूद योग्यच आहे. तेरा वर्षांच्या मुलाला गुन्हेगार ठरवून कुणाचेच भले होत नाही. तथापि याचा परिणाम असा की मुलांनी मुलांचा केलेला छळ राष्ट्रीय आकडेवारीत फारसा उमटत नाही.

२०२१ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या मोबाईल वापराविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा राज्यांतील विद्यार्थी, पालक व शिक्षक मिळून पाच हजारांहून अधिक जणांशी बोलून तो तयार झाला. त्यानुसार ५९.२ टक्के मुले स्मार्टफोन संदेशांची देवाणघेवाण करण्यासाठी वापरत होती, तर ऑनलाईन शिक्षणासाठी १०.१ टक्के. दहा वर्षे वयाच्या मुलांपैकी ३७.८ टक्क्यांचे फेसबुकवर आणि २४.३ टक्क्यांचे इन्स्टाग्रामवर खाते होते. या माध्यमांच्या स्वतःच्या नियमांनुसारही किमान वय १३ वर्षे आहे. ज्या वयात आपण मुलाला एकट्याने रस्ता ओलांडू देत नाही, त्या वयात ते अनोळखी गर्दीत वावरत आहे, हे या अभ्यासाने पुढे आणले. शासनाने केलेल्या उपयुक्त कामांत याची गणना करावी लागेल.

ब्लू व्हेलचा धडा

शासकीय अभ्यासाचे आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतील एका किशोराच्या आत्महत्येनंतर ‘ब्लू व्हेल’ नावाच्या जीवघेण्या खेळाची देशभर भीती पसरली. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी फोन काढून घेतले, केंद्र शासनाने समाजमाध्यमांच्या कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकण्यास फर्मावले. पुढे एका समितीने संशयित घटनांमधील मुलांचे इंटरनेट व्यवहार, उपकरणे, फोनच्या नोंदी व परिस्थितीजन्य पुरावे तपासले. २०१८ च्या जानेवारीत तत्कालीन केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले, की यांपैकी एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होऊ शकलेला नाही.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा धडा ओळखीचा वाटेल. आपण दुर्मिळ जंतू शोधत राहतो आणि नेहमीचे कारण नजरेआड होते. त्या मुलांना दुःख होते यात शंका नाही; पण परदेशी राक्षसाच्या शोधात सारा देश गुंतला असताना, घर, शाळा, परीक्षा आणि सवंगडी यांच्याकडे कुणी पाहिले नाही. सायबर छळ करणारा बहुधा दूरदेशीचा अनोळखी इसम नसतो. तो पुष्कळदा शेजारच्या बाकावर बसतो.

कायदा किती दूर जातो?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. त्यात मुलांच्या छळाचा विचार नव्हता. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तेव्हा कलम ६६अ आले. त्रासदायक वा अपमानकारक संदेश पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय होता. हे कलम सायबर छळावरचा रामबाण उपाय ठरेल असे वाटले. परंतु त्याचा गाजलेला वापर झाला तो महाराष्ट्रात पालघर येथे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते पसंत केले, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल यांनी, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रास’ या शब्दाची नेमकी व्याख्या न करता शिक्षा ठेवली, की ती दुबळ्याच्या रक्षणाऐवजी भलत्याच्याच माथी बसते, हे यातून दिसले. केरळ शासनानेही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस कायद्यात अशीच एक दुरुस्ती वटहुकमाने आणली आणि चौफेर टीका झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतली.

आज भारतात ‘सायबर छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. परंतु त्याच्या गंभीर रूपांसाठी कलमे आहेत आणि ती प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असावीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ड हे इंटरनेटवर दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करण्याविषयी आहे, ६६इ हे संमतीविना खाजगी अवयवांचे चित्र टिपणे वा प्रसारित करणे याविषयी, तर ६७ब हे बालकांच्या लैंगिक चित्रणाविषयी. या शेवटच्या कलमाखाली पहिल्याच अपराधास पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११ मध्ये, लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे बालकाशी वारंवार संपर्क साधणे, तसेच खऱ्या वा बनावट चित्राची धमकी देणे, यांचा समावेश आहे. हा कायदा मुलगा व मुलगी असा भेद करत नाही.

डॉक्टरांसाठी या अधिनियमाची कलमे १९ व २१ विशेष महत्त्वाची आहेत. पॉक्सोखालील अपराध घडला आहे हे कळल्यास त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि ती न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो. रुग्णाच्या गोपनीयतेचे कारण येथे चालत नाही. म्हणून मुलाशी बोलू लागतानाच, “तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, मात्र तुझ्या जिवाला वा शरीराला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल,” असे सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे आणि शहाणपणाचे ठरते.

तक्रारीची सोयही शासनाने केली आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाले. २०१९ च्या ऑगस्टपासून त्यावर सर्व प्रकारचे सायबर गुन्हे नोंदवता येतात. बालकांच्या लैंगिक चित्रणाची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. १९३० हा मदत क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे, हे लक्षात असू द्यावे. समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. नग्न वा बनावट चित्राविषयी खुद्द पीडिताची तक्रार आल्यास ते चोवीस तासांत हटवण्याची मुदत ठरली, आणि पुढे ती आणखी कमी करण्यात आली. आपल्या मध्यप्रदेशात राज्य सायबर पोलिसांचे मुख्यालय भोपाळमध्येच, भदभदा रस्त्यावर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य पोलिसांनी ‘सेफ क्लिक’ या नावाने जनजागृती मोहीमही राबवली.

कायदा गंभीर अपराधापर्यंत पोहोचतो, पोहोचलाच पाहिजे. परंतु ग्रुपमधून वगळणे, टोपणनाव, नक्कल, कुजबुज हे कोणत्याही कलमात बसणार नाही आणि बसवूही नये. त्याचा उपाय शाळेत आहे.

शाळेत काय साधते?

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केली आणि त्यामागे सवंगड्यांचा छळ असल्याचे पुढे आले. तेथील शासनाने नवा दंडविधान रचला नाही. १९८३ साली देशभरच्या शाळांत छळविरोधी मोहीम सुरू केली आणि तिची परिणामकारकता तपासण्याचे काम ओल्वेयस यांच्यावर आले. बर्गेन शहरातील ४२ शाळांतील सुमारे २५०० मुलांचा त्यांनी दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा छळाचे प्रमाण निम्म्याने वा त्याहूनही अधिक घटल्याचे आढळले. उपाय साधे होते. आधी निनावी प्रश्नावलीने प्रमाण मोजायचे, मधल्या सुट्टीत मोठ्यांनी लक्ष ठेवायचे, वर्गाचे नियम वर्गानेच ठरवायचे, आणि छळ झाल्यास दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलायचे.

फिनलंडने हेच सूत्र पुढे नेले. तुर्कू विद्यापीठाने शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून ‘किवा’ हा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभर पोहोचला. त्याचा भर छळणाऱ्यावर वा छळ सोसणाऱ्यावर नसून पाहणाऱ्या मुलांवर आहे. हसणारे प्रेक्षक उठून गेले की तमाशा चालत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

भारतातही प्रयत्न झाले आहेत. २०२० साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सायबर सुरक्षेची विद्यार्थी-पुस्तिका काढली. त्याच वर्षी एनसीईआरटी व युनेस्को यांनी सुरक्षित ऑनलाईन शिक्षणाची पुस्तिका प्रसिद्ध केली. २०२० च्या फेब्रुवारीत आरंभ झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमातील अकरा विषयांत इंटरनेट व समाजमाध्यमांच्या सुरक्षित वापराचा विषय आहे, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. परंतु आपल्या प्रयत्नांत पुस्तिका पुष्कळ आहेत आणि मोजणी थोडी आहे. नॉर्वेने आधी मोजले, मग शिकवले, मग पुन्हा मोजले. आपण शिकवतो आणि थांबतो.

दवाखान्यात दिसणारे चित्र

२००९ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या जिनी व पोत्सोली यांच्या संकलित विश्लेषणात असे दिसले, की छळ सोसणाऱ्या मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, झोपमोड यांसारख्या मनोकायिक तक्रारींची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. २०१४ साली ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये वान गील व सहकाऱ्यांनी दाखवले, की आत्महत्येच्या विचारांशी सायबर छळाचा संबंध पारंपरिक छळापेक्षाही अधिक बळकट आहे. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपण जाणतो. पण विचारपूस करण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उज्जैन येथील एका सोळा वर्षांच्या मुलाने जीवन संपवले. त्याच्या पेहरावावरून समाजमाध्यमांवर त्याच्यावर शिव्याशापांचा भडिमार झाल्याचे वृत्तपत्रांनी छापले. आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असते आणि ते दुरून ठरवू नये. परंतु वर सांगितलेल्या ३५४ड च्या रकान्यात अशा मुलासाठी जागाच नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. आपल्यापासून चार तासांच्या अंतरावरील हे गाव; अनेकांचे नातेवाईक तेथे राहतात.

माझ्याकडे आलेले एक उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. सातवीतील एका मुलीचे डोके दोन महिने दुखत होते. डोळे, रक्त, रक्तदाब सारे ठीक. डोकेदुखी रविवारी सकाळी नसे, संध्याकाळी सुरू होई. लांब सुट्टीत नाहीशी होई. आईला क्षणभर बाहेर बसण्याची विनंती करून मी विचारले, “तुमच्या वर्गात कुणाला फोनवरून त्रास देतात का गं?” तिने बराच वेळ उत्तर दिले नाही, मग हिंदीत म्हणाली, “मुझे ही देते हैं.” वर्गातील मुलींनी तिला वगळून नवा ग्रुप केला होता, तेथे तिच्या चालण्याची, बोलण्याची टिंगल होई. हे तिला कसे कळे? एक मैत्रीण रोज रात्री त्याचे स्क्रीनशॉट पाठवी, “तुला माहीत असावं म्हणून.” आईला का नाही सांगितले? “फोन घेऊन टाकेल.”

या साऱ्यात कायद्याच्या दृष्टीने गुन्हा जवळजवळ नव्हता. वर्गशिक्षिकेने नाव न घेता वर्गाशी बोलणे, आईने फोन न काढता संध्याकाळी तो आपल्याजवळ ठेवणे, आणि त्या ‘हितचिंतक’ मैत्रिणीला स्क्रीनशॉट थांबवण्यास सांगणे, एवढ्यानेच काही आठवड्यांत डोकेदुखीच्या गोळ्या बंद झाल्या. प्रत्येक वेळी इतके सुकर होत नाही. पण विचारल्यावाचून काहीच होत नाही.

काय करावे?

किशोरवयीनांशी बोलताना घर, शिक्षण, छंद, व्यसने, लैंगिकता व आत्महत्येचे विचार या क्रमाने विचारण्याची ‘हेड्स’ पद्धत आपल्याला परिचित आहे. तीत फोनविषयी दोन प्रश्न जोडावेत. पहिला इतरांविषयी: वर्गात कुणाला त्रास होतो का? दुसरा स्वतःविषयी: तुला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे मुलाला सोपे जाते. भोपाळच्या मुलाला हे हिंदीत विचारण्यास संकोचू नये; त्याचा त्रास त्याच भाषेत घडलेला असतो.

पालकांसाठी चार गोष्टी. एक, “सांगितलेस म्हणून फोन काढणार नाही,” हे वचन आधीच द्यावे. मुले गप्प राहण्याचे मोठे कारण तेच आहे. दोन, पुरावा म्हणून संदेश जपावे, तारखेसह; रागाच्या भरात उत्तर देऊ नये. तीन, एखाद्या अल्पवयीन मुलाचे अश्लील चित्र असेल तर ते पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना, शिक्षकांना वा डॉक्टरांना पाठवू नये. असे चित्र बाळगणे व पाठवणे हाच अपराध होऊ शकतो. ते पोलिसांनाच दाखवावे. चार, आपलेच मूल त्रास देणाऱ्यांत असल्याचे कळले, तर “आमचा असा नाहीच,” असे म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसून ते संदेश त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. पडद्यावर सहज लिहिलेले शब्द तोंडाने उच्चारणे जड जाते.

मूल निराश असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर ते बोलणे कधीही नाटक समजू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ हे स्वतंत्र चिकित्सालय आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र जवळच्या रुग्णालयातील मनोविकार विभाग हाच पहिला आधार.

शेवटी आपल्या मंडळासाठी एक सूचना. शासन गुन्हा मोजते, कारण त्याच्या वहीत गुन्ह्याचाच रकाना आहे. आपल्या वहीत दुखण्याचा रकाना आहे. तुलसी नगर व आसपासच्या वस्तीत आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने आहेत. दहा ते अठरा वर्षांच्या, वारंवार पोट वा डोके दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला वरील दोन प्रश्न आपण एक वर्ष विचारले, आणि नाव, शाळा, पत्ता काहीही न लिहिता फक्त वय, मुलगा की मुलगी, आणि ‘होय’ की ‘नाही’ एवढेच टिपले, तर पुढील वर्षाच्या स्मरणिकेत आपल्या वस्तीचा एक लहानसा पण प्रामाणिक आकडा छापता येईल. तो संशोधनपत्रिकेत जाण्याइतका मोठा नसेल. परंतु जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर ठेवून, “आधी मोजू, मग शिकवू, मग पुन्हा मोजू,” असे म्हणण्यास तो पुरेल. या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या सहव्यावसायिकांनी मंडळाच्या पुढील सभेत आपली नावे जरूर द्यावीत.